मोर्चा दिसतो, वाटप दिसत नाही

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेच्या रेल्वेस्थानकातून पाण्याने भरलेली पहिली गाडी लातूरकडे निघाली, तेव्हा देशभरातल्या वाहिन्यांचे कॅमेरे मिरजेत येऊन थांबले होते. दहा वाघिणी आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी, असे ते दृश्य होते. तहानलेल्या शहरासाठी धावणारी ती गाडी ज्यांनी पाहिली, त्यांच्या मनातून ती अजून गेलेली नाही. लातूरकरांना पाणी मिळाले याचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. परंतु ज्या सांगली जिल्ह्यातून ती गाडी सुटत होती, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे, जत आणि आटपाडी तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर, त्याच उन्हाळ्यात टँकरच्या खेपा चालू होत्या आणि कृष्णाकाठच्या वाळवा-पलूस पट्ट्यात ऊस उभा होता. एकाच जिल्ह्यात पाण्याची ही दोन जगे कोणत्या निर्णयांनी तयार झाली आणि ती तशीच राहण्यात कोणाचे हित आहे, हे त्या गाडीच्या चित्रणातून कोणालाही कळण्यासारखे नव्हते. तहान कॅमेऱ्यात आली. वाटप आले नाही.

वाहिन्यांकडून याहून अधिक अपेक्षा कोणी करत नाही. प्रश्न आहे तो चळवळीच्या बाजूने उभे राहून चित्रण करणाऱ्या माहितीपटकारांचा. आर्थिक विषमतेविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या माणसांबरोबर चालणारे, वाहिन्यांचे कॅमेरे निघून गेल्यावरही थांबणारे, स्वतःच्या खिशाला खार लावून काम करणारे असे तरुण सातारा-सांगली भागात आज कमी नाहीत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. तो ठेवूनच एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. विषमता मोर्च्याच्या दिवशी घडत नाही. ती इतर तीनशे चौसष्ट दिवसांत बैठकीच्या खोलीत, कालव्याच्या दारावर, कारखान्याच्या वजनकाट्यावर आणि मुकादमाच्या वहीत घडत असते. तिथे कॅमेरा गेला पाहिजे आणि तिथे जे टिपले जाईल ते ज्यांच्या लढ्याचे आहे त्यांच्या गावात, त्यांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी राहिले पाहिजे. सरकारकडे दप्तर आहे, कारखान्याकडे दप्तर आहे, सावकाराकडेही आहे. चळवळीकडे मात्र आठवणी आणि घोषणा आहेत. या तफावतीमुळे जिंकलेले लढे पुढच्या वीस वर्षांत हातातून निसटतात.

या भागाचा इतिहास पाहिला तर हे म्हणणे अतिशयोक्त वाटणार नाही. १९७६ मध्ये बच्छावत लवादाच्या अंतिम निवाड्याने कृष्णेचे ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला आले आणि ते वापरण्यासाठी मे २००० अखेरपर्यंतची मुदत होती. पाणी राज्याच्या वाट्याला आले, तरी राज्यातल्या कोणाच्या वाट्याला यावे, हा प्रश्न लवादाचा नव्हता. तो प्रश्न दुष्काळी तालुक्यांनी विचारला. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. तेरा दुष्काळी तालुक्यांतील माणसे, त्यांत साताऱ्याचे माण-खटावही आले, तिथे जमू लागली. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांमागे या रेट्याचा मोठा वाटा आहे. त्याहून महत्त्वाची होती ती समन्यायी वाटपाची मागणी: पाणी जमिनीच्या मापाने न देता कुटुंबाच्या हिशेबाने द्यावे, आणि ज्याला गुंठाभर जमीन नाही त्या कुटुंबाचाही त्यात हक्क असावा. जगातल्या कोणत्याही विषमताविरोधी आंदोलनाने इतकी नेमकी, इतकी मोजता येण्याजोगी मागणी क्वचितच केली असेल.

आणि ही मागणी हवेतून आलेली नव्हती. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारे शेतकरी-शेतमजूर यांनी खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेतात, त्यामुळे विहिरी आटतात, हे त्यांनी पाहिले. वाळू गावाची आहे, ती मर्यादेत विकून त्या पैशातून गावासाठी धरण बांधू, असे त्यांनी ठरवले. बळवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण अशा रीतीने उभे केले आणि त्याच्या पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला. वाळूच्या गाड्यांचा हिशेब, परवानगीसाठी घातलेले खेटे, कोणाला किती पाणी यावर गावात रात्र-रात्र झालेले वाद, ही या लढ्याची खरी संपत्ती होती. घोषणा देणारा जमाव कुठल्याही लढ्यात सारखाच दिसतो. वाळूच्या पैशातून धरण कसे बांधले, हे मात्र दुसऱ्या गावाला शिकता येते.

आपल्याकडे ही दृष्टी नवी नाही. सत्यशोधक जलशांनी शेटजी-भटजी गरिबाला कसे नाडतात, कोणत्या कागदावर अंगठा घेतात, हे प्रसंगासकट फडावर उभे केले. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी अमरशेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकातून जे केले, त्यातही सावकार, पुढारी आणि मालक यांच्या व्यवहाराची उकल होती. प्रेक्षक रडून घरी जात नसे. सावकाराची वही कशी वाचायची हे शिकून जात असे. प्रतिसरकारच्या बाबतीत मात्र आपण कमी पडलो. १९४३ पासून तीन वर्षे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली लोकांनी स्वतःची न्यायमंडळे चालवली आणि गावगुंड व सावकारांना आवर घातला. कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड, नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई यांच्या तोंडून त्या काळाच्या कहाण्या कॅमेऱ्यावर नोंदल्या गेल्या त्या सत्तर वर्षांनी, ती माणसे नव्वदीच्या आसपास पोचल्यावर. त्या नोंदी अमोल आहेत. पण सत्तर वर्षांनी शेणोलीच्या गाडीवरचा हल्ला आठवतो. न्यायमंडळासमोर आलेल्या जमिनीच्या तंट्यात कोणते पुरावे पाहिले आणि निवाडा कसा ठरला, हे तितक्या तपशिलाने आठवत नाही.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले शेतकरी आणि आदिवासी सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आले. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून ते शेवटच्या टप्प्यात रात्रभर चालले, आणि त्यांच्या सोललेल्या तळपायांची छायाचित्रे घराघरांत पोचली. महानगराचे मन हलले, सरकारने लेखी आश्वासन दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच मागण्यांसाठी त्याच माणसांना पुन्हा निघावे लागले आणि मार्च २०२३ मध्ये पुन्हा. प्रत्येक वेळी पायांचे चित्रण झाले. वनहक्काचा दावा कोणत्या टेबलावर किती महिने पडून राहतो, कोणत्या कारणाने नाकारला जातो, नाकारल्याचे दावेदाराला कळवले जाते की नाही, याचे सलग चित्रण त्या मानाने फारच थोडे झाले. तळपाय पाहून वाटणारी कळकळ खरी असते, मात्र ती आठवडाभर टिकते. आश्वासन न पाळणाऱ्या यंत्रणेला त्या आठवड्यानंतर भीती उरत नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयात शिष्टमंडळाची बैठक कशी होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचा भाग ओळखीचा वाटेल. बाहेर ठिय्या बसलेला असतो. पाच-सहा प्रतिनिधी आत जातात. निवेदन देतानाचा फोटो होतो, मग कॅमेरेवाल्यांना बाहेर थांबायला सांगतात आणि दार लागते. आत तासभर चर्चा होते, कार्यकारी अभियंता नकाशा पसरतात, तारखा तोंडी दिल्या जातात, आणि प्रतिनिधी बाहेर येऊन माइकवर सांगतात की मागणी मान्य झाली. तीन आठवड्यांनी इतिवृत्त येते. आत ऐकलेले ‘मार्चअखेर करतो’ हे शब्द त्यात ‘निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल’ असे झालेले असतात. प्रतिनिधी म्हणतात, असे ठरलेच नव्हते. अधिकाऱ्यांची तोवर बदली झालेली असते. नव्या साहेबांसमोर एकच कागद असतो, आणि तो लिहिलेला असतो ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याच कार्यालयाने. निवेदनाच्या प्रतीवर ‘पोच’चा शिक्का मारून घेण्याची दक्षता आपले कार्यकर्ते पिढ्यान्‌पिढ्या घेत आले, आत काय बोलले गेले त्याची पोच मात्र कोणाकडेच नसते.

म्हणून माझी पहिली मागणी शासनाकडे आहे. पुनर्वसन, पाणीवाटप आणि मजुरीदर यांसंबंधी आंदोलकांशी होणाऱ्या बैठकांचे चित्रण करण्याचा अधिकार आंदोलकांना मिळाला पाहिजे. सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठासमोरील सुनावण्या थेट प्रक्षेपित होतात, विधिमंडळाचे कामकाज घरबसल्या पाहता येते; मग टेंभूचे आवर्तन आणि कोयनेच्या धरणग्रस्तांची जमीन यांवरची चर्चा बंद दाराआड का व्हावी, याला कारण देता येणार नाही. अधिकारी मोकळेपणाने बोलणार नाहीत, असे म्हटले जाईल. ज्या मोकळेपणाची नोंद राहू शकत नाही तो आंदोलकाच्या काही उपयोगाचा नसतो, हा अनुभव आहे. माहितीपटकारांनीही ही मागणी स्वतःची मानली पाहिजे, कारण दाराबाहेर उभे राहून घोषणांचे चित्रण करण्याची सवय त्यांच्याही अंगवळणी पडली आहे.

कोयनेचा उल्लेख झाला म्हणून थोडे थांबतो. साठच्या दशकात धरण झाले, पाटण-जावळीची गावे शिवसागराच्या पाण्याखाली गेली, माणसे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत विखुरली आणि तिसरी पिढी अजून जमिनीसाठी कोयनानगरला आणि कलेक्टर कचेरीवर ठिय्या देते आहे. कोणाचे घर गेले, किती जमीन गेली, कोणाला पर्यायी जमीन मिळाली, कोण वगळले गेले, हे ज्यावरून ठरायचे ते संकलन रजिस्टर, आणि भांडण मुख्यतः त्याच्या अपुरेपणाचे आहे. ज्यांनी स्वतःचे गावठाण चालून पाहिले होते, बांध कुठे होता आणि आंब्याचे झाड कोणाच्या हद्दीत होते हे ज्यांना माहीत होते, ती माणसे आता भराभर जात आहेत. त्यांना जलाशयाच्या काठावर उभे करून उदास संगीतात लांबवर पाहायला लावणारी दृश्ये मी पाहिली आहेत. त्याऐवजी त्यांच्यासमोर जुना नकाशा पसरून एकेका घराची, एकेका वाट्याची साक्ष नोंदवली असती, तर ती दृश्ये आज नातवंडांच्या उपयोगी पडली असती. असे चित्रण नीरस होईल, असे कोणी म्हणेल. हाताचे बोट नकाशावर फिरत असताना बोलणारा म्हातारा नीरस वाटत नाही. पाहणाऱ्याला तेवढी सवड हवी.

उसाच्या फडाचेही तसेच आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांचे माहितीपट पहाटेच्या धुक्याने, थंडीत पेटवलेल्या शेकोटीने आणि वाढ्यांचे भारे वाहणाऱ्या बायकांनी सुरू होतात, आणि ते खोटे नाही. बीडहून टोळ्या येतात तशा आपल्याच जिल्ह्यातल्या जतमधूनही कृष्णाकाठच्या फडात येतात, म्हणजे पाण्याच्या असमान वाटपाने जे कुटुंब घराबाहेर पडले तेच कुटुंब त्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडते, ही गोष्टसुद्धा क्वचितच कोणी जोडून दाखवतो. परंतु त्या कुटुंबाला बांधून ठेवणारी वस्तू मुकादमाच्या पिशवीत असते. शंभर पानी, रेघा मारलेली, घामाने कडा काळ्या पडलेली ती वही मी एकदा एका फडात हातात घेऊन पाहिली. एका कोयत्यामागे, म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागे, एक पान होते. वर पुरुषाचे नाव, बायकोचे नावच नाही. डाव्या बाजूला उचल, मध्येच दवाखान्यासाठी घेतलेली रक्कम, पोराच्या बारशाची रक्कम, मग खाड्यांची वजावट. उजव्या बाजूला तोडलेले टन. हंगाम संपत आला होता, आणि तरी खालची बेरीज कुटुंबाच्या अंगावरच निघत होती. ती बाई आजारपणात दोन दिवस बसली तर खाडा जोडीचा धरला जातो, मजुरी मात्र एकाच्या नावावर पडते, हे त्या पानावर स्पष्ट दिसत होते. शेकोटीच्या प्रकाशातले चेहरे पाहून जे कळत नाही ते त्या एका पानावर कळते, आणि पुढच्या वर्षी उचलीची बोलणी करताना त्या जोडप्याकडे त्या पानाचे चित्र असेल तर बोलणी वेगळ्या पायावर होतील.

भारतात वरच्या एक टक्का लोकांकडे २०२२-२३ मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातील २२.६ टक्के आणि संपत्तीतील ४०.१ टक्के वाटा होता, असे जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये मांडले. हे आकडे भाषणांतून फेकले जातात आणि ऐकणाऱ्याला चटका लावून विरून जातात. आकड्याचा आणि त्या पानाचा संबंध जोडून दाखवणे, हे काम लेखापेक्षा चित्रपट अधिक चांगले करू शकतो, आणि सत्तेलाही हे फार पूर्वी समजलेले आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६८ मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांतील श्रीमंतांचे ऐश्वर्य आणि श्रमिकांची दैना समोरासमोर ठेवणारा जेमतेम पाव तासाचा माहितीपट केला. सर्वांसाठी प्रदर्शनाचे प्रमाणपत्र त्याला सहजासहजी मिळाले नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७० च्या निकालात न्यायालयाने चित्रपटांवरील पूर्वपरीक्षण वैध ठरवताना हे माध्यम इतर कलांपेक्षा भावनांना अधिक खोलवर हात घालते असे कारण दिले. पाव तासाच्या चित्रफितीवरून देशाचा कायदा ठरला.

परंतु भावना हलवण्याच्या याच ताकदीतून एक अन्यायही होतो, आणि तो चळवळीच्या मित्रांकडून होतो. आनंद पटवर्धन यांच्या मुंबईतील झोपडपट्टीवासीयांवरील १९८५ च्या माहितीपटात, घर उद्ध्वस्त झालेली एक स्त्री चित्रण करणाऱ्यांनाच फैलावर घेते: आमचे फोटो काढून तुम्ही नाव कमवाल, आम्हाला काय मिळणार, असा तिचा रोख आहे. दिग्दर्शकाने तो प्रसंग कापला नाही, आणि पुढच्या वर्षी बेघर झालेल्यांच्या जागेसाठी झालेल्या उपोषणात ते स्वतः बसले. हा प्रामाणिकपणा मोठा आहे. तरी त्या स्त्रीचा प्रश्न प्रत्येक चित्रणाला लागू राहतो. आपल्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्रफितीचा पहिला मालक निर्माता असतो. जिने आपले दुःख सांगितले तिचा त्या फितीवर काही हक्क नसतो. गावातून धान्य, मजूर आणि वाळू बाहेर जाते तसे चित्रणही बाहेर जाते, महोत्सवांत त्याचे मोल होते आणि गावाकडे त्याची प्रत येत नाही. विषमतेविरुद्धच्या कामाची रचनाच विषम असेल, तर ते काम अर्ध्यावर थांबलेले आहे.

प्रत गावात आली तर काय होते, याचा एक प्रसंग सांगतो. आटपाडी तालुक्यातल्या एका गावात देवळाच्या सभामंडपात, चार तरुणांनी टिपलेले पाण्याच्या आंदोलनाचे कच्चे चित्रण चादरीवर दाखवले जात होते. मोर्च्याच्या दृश्यांत लोक स्वतःला आणि शेजाऱ्यांना ओळखून हसत होते. मग दोन वर्षांपूर्वीच्या गावसभेचे चित्रण आले, ज्यात एक अधिकारी पाइपलाइनचे दार कोणत्या शिवारात निघेल हे नकाशावर छडी ठेवून सांगत होते. मागे बसलेल्या एका आजींनी मोठ्याने म्हटले, “जरा मागं घे रं, काय म्हणला त्यो?” ते तीन वेळा मागे घेऊन ऐकले गेले. छडी ज्या शिवारावर होती तिथे दार निघालेच नव्हते, ते त्याच्या अलीकडे, मोठ्या बागायतदारांच्या हद्दीत निघाले होते. एका मुलीने शाळेच्या वहीत चित्रणाची तारीख आणि ती वाक्ये उतरवून घेतली, आणि पुढच्या निवेदनात ती शब्दशः गेली. त्या रात्री टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. लोक बराच वेळ कोणाच्या रानात किती दाब येतो यावर भांडत राहिले. माझ्या मते त्या चित्रणाचे सार्थक त्या भांडणात झाले. बंद पाइपने पाणी देण्याचे धोरण आटपाडीने लढून मिळवले, वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी उचलायचे सूत्रही ठरले. आता लढा शेवटच्या दारापर्यंत दाब पोचतो की नाही याचा आहे, आणि त्या लढ्यात मोर्चे कमी, मोजमाप जास्त आहे.

यावर काही आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला कलावंताचा: आम्ही चळवळीचे कारकून नाही, आमची कलाकृती आमच्या दृष्टीने घडेल. हे मला मान्य आहे. अंतिम माहितीपट ज्याचा त्याचा असू द्या, त्याच्या रचनेवर संघटनेने हात ठेवता कामा नये. उलट, संघटनेत बायकांना बोलू दिले जात नाही, भूमिहीनांच्या पाणीहक्काची मागणी बागायतदार कार्यकर्ते हळूच मागे ढकलतात, असे दिसले तर तेही टिपले पाहिजे. माझे म्हणणे कच्च्या चित्रणाच्या प्रतीपुरते आहे आणि ती प्रत संघटनेच्या कार्यालयातही नको. संघटना फुटतात, कार्यालयांची कुलुपे बदलतात. ती सार्वजनिक ग्रंथालयात असावी.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. आपल्या जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वर्षातून कितीदा तरी निघतात, आणि त्या काळात झालेल्या आंदोलनांचे गुन्हे गरीब माणसाच्या मागे वर्षानुवर्षे राहतात. मोर्च्याचे चित्रण पोलिसांनाही चेहरे ओळखायला उपयोगी पडते. मुकादमाची वही कोणी दाखवली हे कळले तर त्या कुटुंबाला पुढच्या हंगामात उचल मिळणार नाही. म्हणून संमती एकदाच, कॅमेरा सुरू करण्यापूर्वी घाईने घेतलेली असून भागणार नाही. चित्रण दाखवून पुन्हा विचारले पाहिजे; चेहरे झाकणे, काही भाग ठरावीक वर्षे कुलूपबंद ठेवणे, आणि मागे घेण्याचा हक्क देणे, या अटी मराठीत लिहून, वाचून दाखवून, दोन प्रतींत कराव्यात. असे असूनही काही ठिकाणी कॅमेरा बंद ठेवणे हेच योग्य ठरेल, आणि तेव्हा तो बंद ठेवावा.

मात्र चित्रण आंदोलकाच्या विरुद्ध जाते तसे त्याच्या बाजूनेही उभे राहते. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०११ मध्ये ‘आम्ही ९९ टक्के’ म्हणत वॉल स्ट्रीटजवळच्या झुकोटी पार्कमध्ये जमलेल्या आंदोलनाचे चित्रण शेकडो हातांनी केले. त्यातल्या एका तरुणावरील खटल्यात पोलिसांनी तो रस्ता अडवून उभा होता अशी साक्ष दिली, आणि दुसऱ्याच एकाने केलेल्या चित्रणात तो पदपथावर असल्याचे दिसले. तो निर्दोष सुटला. आपल्याकडे असे चित्रण न्यायालयात टिकायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचे प्रमाणपत्र लागते, आणि जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या कायद्याच्या संदर्भात अशा प्रमाणपत्राची अनिवार्यता स्पष्ट केलेली आहे. मूळ कार्ड कोणाकडे होते, ते केव्हा उतरवले, फाइल बदललेली नाही हे कशावरून, या नोंदी चित्रण करणाऱ्यानेच त्याच दिवशी ठेवायला हव्यात. पाच वर्षांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली चित्रफीत वकिलाच्या हाती देऊन काही साधत नाही. प्रत्येकाच्या हातात फोन असताना माहितीपटकार कशाला हवेत, असे विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे: फोनवरचे चित्रण त्या दिवसापुरते असते, तर पाच वर्षांतल्या पाच बैठका एकापाठोपाठ लावून त्यांतली विसंगती दाखवण्यासाठी चिकाटी आणि कसब लागते.

राहता राहिला खर्चाचा आणि जागेचा प्रश्न. यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, प्रत्येक तालुक्याच्या गावी अनुदानित वाचनालय आहे आणि तिथे बसून वर्तमानपत्र वाचणारी पोरे आज संगणक सहज हाताळतात. दोन हार्ड डिस्क, तारीख-गाव-विषय अशी मराठीत लिहिलेली सूची आणि महिन्यातून एकदा जाहीर प्रदर्शन, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. प्रत एकाच ठिकाणी मात्र ठेवू नये. २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके पाण्याखाली गेली, हे आपण पाहिले आहे. कृष्णाकाठी एक प्रत असेल तर दुसरी विट्यात किंवा आटपाडीत, चढावर असावी. महोत्सवाकडे माहितीपट पाठवण्याआधी कच्च्या चित्रणाची प्रत या दोन ठिकाणी जमा करायची, एवढे इथल्या माहितीपटकारांनी आपसांत ठरवले तर त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. येत्या गळीत हंगामाच्या आधी, टोळ्या फडात उतरण्यापूर्वी, ते ठरवता येईल.